बिल्टीचा जुना प्रिंटर नव्या कॉम्प्युटरला जोडताना

इचलकरंजीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी बिल्ट्या, म्हणजे मालवाहतुकीच्या पावत्या, आणि हिशेब बघते. इथून कापडाच्या गाठी आणि बाचकी भिवंडीला जातात, अहमदाबादला जातात, कोरं कापड रंगाईसाठी राजस्थानातल्या पाली-बालोतऱ्यापर्यंत जातं. माल गाडीत चढला की बिल्टी फाडायची, आणि ती चार प्रतींची. पांढरी माल पाठवणाऱ्याला, गुलाबी माल घेणाऱ्याची, पिवळी ड्रायव्हरजवळ, हिरवी आमच्या फायलीला. रस्त्याने मालवाहतूक करण्याचा २००७ चा कायदा मालाची पावती तीन प्रतींत करा म्हणतो. चौथी धंद्याच्या रिवाजाने आली.

या चार प्रती एकाच वेळी, एकाच ठोक्यात उठल्या पाहिजेत. म्हणजे नग, वजन, भाडं 'पेड' (आधीच भरलेलं) की 'टू पे' (माल घेणारा देणार), हे चारही कागदांवर सारखंच राहतं आणि मागाहून एकाच प्रतीत कुणी आकडा बदलला तर लगेच दिसतं. भाड्यावरून वाद झाला की हिरवी प्रत काढायची, विषय तिथंच संपतो. लेझर किंवा शाईच्या प्रिंटरला हे जमत नाही, कारण ते कागदावर दाब देत नाहीत. डॉट मॅट्रिक्सच्या सुया रिबनवर आपटतात म्हणून खालच्या कागदांवर उमटतं. आमच्याकडे असे दोन प्रिंटर आहेत. बिल्टीला एप्सन एलएक्स-३००+ आणि रोख पावत्यांना त्याच्याहून जुना एलएक्स-८००. दोघांना रिबन एकच लागते, ८७५० नंबरची. ती आमच्या गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळते.

अडचण प्रिंटरची नव्हतीच, कॉम्प्युटरची होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे सुरक्षा अपडेट थांबले. ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल, आम्ही त्याच कॉम्प्युटरवर काढतो, बँकेचं कामही त्यावरच चालतं, म्हणून तो तसाच इंटरनेटला जोडून ठेवणं मला बरोबर वाटेना. मालकांनी, म्हणजे आण्णांनी, विंडोज ११ चा नवा कॉम्प्युटर घेतला. त्याच्या मागे २५ पिनांचा प्रिंटर पोर्ट नव्हता. आता बहुतेक नव्या कॉम्प्युटरना तो नसतो. बसवायला आलेला मुलगा म्हणाला, "ताई, हे दोन्ही भंगारात घाला, नवीन यूएसबीवाला घ्या." डॉट मॅट्रिक्स नव्याने घ्यायचा तर त्याची किंमत साध्या लेझर प्रिंटरहून जास्त असते. चालतं यंत्र फक्त वायर जुळत नाही म्हणून फेकायचं, हे मला आजही पटत नाही. आण्णा म्हणाले, "बघ काय जमतंय का. तोवर हातानं फाडू." जुनं बिल्टीबुक कपाटातून काढलं आणि मी केबलच्या मागे लागले.

केबल तीन तऱ्हेच्या मिळतात आणि दुकानात तिन्हींना 'यूएसबी टू प्रिंटर' म्हणून हातात देतात, म्हणून नीट बघून घ्यायला हवं. पहिलीच्या एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला ३६ जागांचा रुंद सेंट्रॉनिक्स जोड असतो. हा थेट प्रिंटरच्या पाठीत बसतो, दोन्ही बाजूंच्या तारेच्या कड्या त्याला धरून ठेवतात. सेंट्रॉनिक्स नावाच्या कंपनीने १९७० मध्ये आपल्या प्रिंटरला हा जोड वापरला आणि तोच पुढे सगळ्यांनी घेतला. दुसऱ्या तऱ्हेला २५ भोकांचा जोड असतो. त्याला आपली जुनी प्रिंटर केबल लावायची. १९८१ च्या आयबीएम पीसीने कॉम्प्युटरच्या बाजूला २५ पिना ठेवल्या होत्या, त्या जुन्या केबलसाठी ही सोय. तिसरी ९ पिनांची. ती सिरियलची, म्हणजे एका तारेवरून एकेक बिट पाठवणारी. तिचं काम वेगळं, आमच्यासारख्या पॅरलल, म्हणजे आठ तारांवरून एकदम अक्षर घेणाऱ्या, प्रिंटरला तिचा काही उपयोग नाही. मी पहिल्या तऱ्हेच्या दोन घेतल्या. हजाराच्या आत एक येते. मधे जोड जितके कमी तितकं बरं, हे माझं मत आहे, कारण जुन्या केबलच्या पिना वाकलेल्या असल्या तर दोष कुठला हे कळायला फार वेळ जातो.

केबल बसवताना प्रिंटर आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवले. यूएसबीचं टोक चालू असताना काढलं-घातलं तरी चालतं, सेंट्रॉनिक्सच्या टोकाला ती मुभा नाही. चालू प्रिंटरला हा जोड लावताना प्रिंटरच्या आतली पॅरललची चिप जळू शकते.

आधी एलएक्स-३००+ जोडला. कॉम्प्युटर चालू केला, थोडा वेळ गेला आणि प्रिंटरच्या यादीत त्याचं नाव आपोआप आलं. मग एलएक्स-८०० जोडला. जोडल्याचा टुंग आवाज आला, पण यादीत काही नाही. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजची जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडल्यावर तिथं एक नोंद दिसली, 'यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट'. दुसरीकडे, बाकीच्या उपकरणांत, 'यूएसबी२.०-प्रिंट' असं काहीतरी. एप्सन हे नाव कुठंच नाही. दोन्ही केबल एकाच दुकानातल्या, एकाच बनावटीच्या. अदलाबदल करून पाहिली तरी तेच. ३००+ चं नाव येतं, ८०० चं येत नाही. म्हणजे केबल चांगल्या होत्या.

मग मी एक करून पाहिलं. ८०० चा स्विच बंद केला आणि केबल प्रिंटरच्या पाठीतून काढून घेतली, फक्त यूएसबीचं टोक कॉम्प्युटरला ठेवलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट' तसंच होतं. प्रिंटर जोडलेलाच नाही तरी कॉम्प्युटर म्हणतो आहे की प्रिंटरची सोय तयार आहे! इथं मला गोष्ट उमगली. कॉम्प्युटर जे ओळखत होता ती केबल होती. केबलच्या जाड टोकात एक चिप असते, ती यूएसबीतूनच वीज घेते आणि 'मी प्रिंटर जातीचं उपकरण आहे' असं सांगते. तिच्यापलीकडे कोण बसलाय, हे पलीकडच्याने स्वतः सांगितलं तरच कळतं.

आणि ते सांगण्याची रीत सगळ्या प्रिंटरना येत नाही. जुन्या पॅरलल केबलमध्ये आठ तारा अक्षर वाहून नेतात. एक 'स्ट्रोब'ची तार, तिच्यावर टिचकी मारली की प्रिंटर ते अक्षर उचलतो. एक 'बिझी'ची तार, प्रिंटर तिच्यावरून 'थांब' म्हणतो. कागद संपला ही एक, बिघाड ही एक, अशा आणखी थोड्या. यात प्रिंटरने आपलं नाव सांगायला कुठं जागाच नाही. १९९४ मध्ये आयईईई १२८४ हे मानक आलं, त्यात प्रिंटरने उलट दिशेने बोलायचं कसं हे ठरलं. त्या 'थांब', 'कागद संपला' वगैरेच्या तारांवरूनच चार-चार बिट मागे पाठवायचे. त्या वाटेने प्रिंटर आपली ओळख पाठवतो: बनवणारा कोण, मॉडेल कुठलं, भाषा कोणती समजते. एलएक्स-३००+ या मानकानंतरचा, त्याला विचारल्यावर तो उत्तर देतो. एलएक्स-८०० १९८० च्या दशकातला. त्याला हा प्रश्नच समजत नाही, म्हणून तो गप्प राहतो. त्यात बिघाड काही नाही. छापण्यासाठी जे लागतं ते सगळं त्याला येतं.

ही गोष्ट मी इतकी लांबवून सांगतेय, कारण चांगले प्रिंटर बहुतेक इथंच भंगारात जातात. 'कॉम्प्युटर ओळखत नाही' म्हटलं की ऐकणारा समजतो प्रिंटर गेला. तो गेलेला नसतो, त्याचं नाव आपण सांगायचं असतं, एवढंच.

नाव सांगायची वाट अशी. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथं ॲड डिव्हाइस. कॉम्प्युटर शोधत बसतो, त्याला शोधू द्यायचं. थोड्या वेळाने खाली 'ॲड मॅन्युअली' येतं. त्यात लोकल प्रिंटर, मॅन्युअल सेटिंग्ज. मग पोर्ट विचारतो. इथं यादी वरून एलपीटी१ पासून, म्हणजे जुन्या प्रिंटर पोर्टच्या नावापासून, सुरू होते आणि सवयीने तेच निवडावंसं वाटतं, पण नव्या कॉम्प्युटरला एलपीटी१ नाहीच, ते नुसतं नाव आहे. यादीत खाली 'यूएसबी००१, व्हर्च्युअल प्रिंटर पोर्ट फॉर यूएसबी' असतं, ते घ्यायचं. आमच्याकडे दोन केबल असल्यामुळे यूएसबी००१ आणि यूएसबी००२ असे दोन होते. पहिला ३००+ ने घेतलेला होता, म्हणून ८०० ला दुसरा दिला. पुढे ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर. आमचा बिल्टीचा प्रोग्रॅम छपाईच्या खुणा स्वतःच पाठवतो, मधल्या कुणी त्यात हात घालायचा नाही, म्हणून मी 'जेनेरिक' कंपनीतला 'टेक्स्ट ओन्ली' निवडला. ज्यांना एक्सेलमधून किंवा वर्डमधून छापायचं आहे त्यांनी एप्सनच्या एलएक्स मालिकेतला ड्रायव्हर घ्यावा. यादीत तो दिसला नाही तर तिथलंच विंडोज अपडेटचं बटण दाबून वाट पाहायची, यादी मोठी होऊन येते. शेवटी प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्सच्या पानावर 'बायडायरेक्शनल सपोर्ट'ची खूण मी काढून टाकली. उत्तर न देणाऱ्या प्रिंटरला सारखं विचारत बसण्यात अर्थ नाही.

टेस्ट पेज सोडलं. सुयांचा तो खर्र आवाज आला आणि कागद वर सरकला. आण्णा केबिनमधून बाहेर आले. "आलं की गं!"

पण बिल्टी यायला अजून वेळ होता. आमचा प्रोग्रॅम सांगलीच्या एका प्रोग्रॅमरनी व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून दिलेला आहे. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची, तिचा आधार २०१५ मध्ये संपला, तरी विंडोज ११ वर प्रोग्रॅम छान चालतो. फक्त तो छापायचं सगळं सरळ एलपीटी१ कडे पाठवतो, पावत्या एलपीटी२ कडे. प्रिंटरची यादी तो बघतच नाही. आणि एलपीटी१ तर अस्तित्वातच नाही.

यावर तोड अशी की प्रिंटर शेअर करायचा आणि एलपीटी१ हे नाव त्या शेअरला जोडून द्यायचं. शेअरचं नाव छोटं, आठ अक्षरांच्या आत, मधे जागा न सोडता ठेवलं. बिल्टीला 'बिल्टी', पावतीला 'पावती', इंग्रजी अक्षरांत. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज' ही आज्ञा, तिच्यापुढे एलपीटी१, मग दोन उलट्या तिरप्या रेघांनंतर आपल्याच कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी तिरपी रेघ, शेअरचं नाव आणि शेवटी 'पर्सिस्टंट येस', म्हणजे कॉम्प्युटर बंद-चालू केला तरी जोडणी राहते. यात एक बारीक गोष्ट आहे. ही आज्ञा साध्या प्रॉम्प्टमध्ये द्यायची, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या प्रॉम्प्टमध्ये नाही. ॲडमिनिस्ट्रेटरने केलेली जोडणी साध्या खिडकीत चालणाऱ्या प्रोग्रॅमला दिसत नाही. आज्ञा यशस्वी झाली असं लिहून येतं आणि प्रोग्रॅम मात्र पोर्ट सापडत नाही म्हणतो.

आता बिल्टी निघाली, पण लगेच नाही. 'प्रिंट' दाबलं की काही होत नसे. प्रोग्रॅम बंद केला की दिवसभरातलं सगळं एकदम भडाभडा बाहेर पडायचं. दारात ड्रायव्हर उभे. "ताई, बिल्टी द्या की, नाक्यावर गर्दी व्हायच्या आत निघतो." जुन्या खऱ्या पोर्टला अक्षर पोचलं की ते छापलं जायचं. आता मधे विंडोजची रांग आली, आणि रांग म्हणते की पाठवणाऱ्याने पोर्ट बंद केल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मी धरणार नाही. प्रोग्रॅमर साहेबांना फोन केला. त्यांनी लांबूनच कॉम्प्युटरवर येऊन प्रत्येक बिल्टीच्या शेवटी 'सेट प्रिंटर टू' एवढी एक ओळ घातली, म्हणजे छापून झालं की पोर्ट सोडून द्यायचा. त्यानंतर बिल्टी दाबल्याबरोबर येऊ लागली.

राहिली ती पावतीची तक्रार. प्रत्येक छापलेल्या पावतीनंतर एक कोरी पावती पुढे सरकत होती. आमच्या पावत्यांवर आधीच नंबर छापलेले असतात, एक कोरी गेली की नंबर तुटतो आणि ऑडिटला त्याचा हिशेब द्यावा लागतो. हे सहन करण्यासारखं नव्हतं.

जुन्या एप्सनमध्ये एक सोय आहे, तिची मला फार कदर वाटते. एलएक्स-८०० बंद करायचा, लाइन फीड आणि फॉर्म फीड ही दोन्ही बटणं एकदम दाबून धरायची आणि तशीच दाबून ठेवून स्विच चालू करायचा. आता प्रिंटर जे येईल ते अक्षर म्हणून न छापता त्याचा आकडा छापतो, सोळाच्या पायातला. कॉम्प्युटरकडून नेमकं काय येतंय ते कागदावर उघडं दिसतं. मी पावतीऐवजी साधा कागद लावला आणि एक पावती सोडली.

पहिल्या ओळीत आलं: १बी ४० १बी ४३ २४ ०एफ. प्रोग्रॅमर साहेबांनी फोनवर एकेक वाचून सांगितलं. १बी म्हणजे पुढे आज्ञा येतेय. ४० म्हणजे आधीचं सगळं विसर. ४३ म्हणजे पानाची लांबी, आणि २४ म्हणजे आपल्या हिशेबात ३६ ओळी. आमची पावती सहा इंचांची, इंचाला सहा ओळी, बरोबर ३६. ०एफ म्हणजे बारीक अक्षर सुरू. त्यानंतर ५३ ४८ ५२ ४९. हे इंग्रजीतलं 'श्री', गिऱ्हाइकाच्या नावाआधीचं. इथपर्यंत एकही खूण हललेली नव्हती. इतक्या मधल्या गोष्टींतून, फॉक्सप्रो, शेअर, रांग, यूएसबी, केबलमधली चिप, असं सगळं ओलांडून अक्षर न् अक्षर जसंच्या तसं पोचत होतं. ते बघून मला खूप आनंद झाला. शेवटची अर्धी राहिलेली ओळ ऑनलाइनचं बटण दाबल्यावर उमटली. तिच्या टोकाला ०सी होतं, म्हणजे 'पान सोड'. आणि त्याला लागून आणखी एक ०सी.

पहिलं प्रोग्रॅमचं, दुसरं कुणाचं? प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डच्या पानावर 'प्रिंट प्रोसेसर' म्हणून बटण आहे. तिथं ८०० साठी डेटाचा प्रकार 'रॉ, एफएफ अपेंडेड' असा निवडलेला होता. म्हणजे विंडोज आपल्याकडून प्रत्येक कामाच्या शेवटी एक 'पान सोड' जोडत होतं. ते बदलून नुसतं 'रॉ' केलं. पुन्हा आकडे छापून पाहिले, शेवटी एकच ०सी. कोऱ्या पावत्या थांबल्या.

ज्यांचं उलट होतं, म्हणजे पान सुटतच नाही, त्यांनाही हीच जागा बघायला सांगते. आणि ओळी एकमेकींवर छापल्या जात असतील किंवा मधे एक-एक ओळ कोरी सुटत असेल, तर विंडोजमध्ये शोधण्याआधी प्रिंटरचे छोटे डिप स्विच बघावेत. त्यातला एक 'ऑटो लाइन फीड'चा असतो, आणि जुन्या सॉफ्टवेअरसाठी कुणीतरी तो कधीकाळी हलवून ठेवलेला असतो.

महिन्याचं खातं मी एक्सेलमधून ३००+ वर काढते. तिथं ड्रायव्हरच पान ठरवतो, म्हणून दहा इंच रुंद आणि सहा इंच उंच असा नवा फॉर्म प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये बनवून घेतला. नाहीतर तो पान ए४ चं समजतो आणि दुसऱ्या पानापासून मजकूर खाली-खाली घसरत जातो.

आण्णांची फार इच्छा होती की बिल्टीवर गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव मराठीत यावं, हमालांना आणि ड्रायव्हरना वाचायला सोपं. अक्षरांच्या आज्ञेने ते होत नाही, या प्रिंटरच्या पोटात देवनागरी नाही. चित्र म्हणून पाठवलं तर छापतो, आणि मी छापून दाखवलं. पण नऊ सुयांचा हा प्रिंटर एका फेरीत उभ्यात इंचाला ७२ ठिपके काढतो. मोठ्या अक्षरात 'इचलकरंजी' सुरेख आलं. बिल्टीच्या चौकटीत बसेल एवढ्या लहान अक्षरात उकार आणि रफार एकमेकांत मिसळले, आणि चौथ्या प्रतीवर तर वाचताच येईना. वेळही किती तरी जास्त. शेवटी मराठी मथळे छापखान्यातूनच छापून घेतले आणि आतली भर इंग्रजी मोठ्या अक्षरांत ठेवली. मला याची हळहळ आहे. कोऱ्या बिल्टीवरची मराठी सुंदर दिसते, पण ज्याचा माल त्याचं नाव त्याच्या भाषेत यायला हवं होतं.

रोजच्या वापरात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. या केबलच्या चिपला स्वतःचा असा नंबर नसतो, त्यामुळे केबल एका यूएसबी भोकातून काढून दुसऱ्यात घातली की विंडोजला ती नवी केबल वाटते आणि तो यूएसबी००३ बनवतो. जुना प्रिंटर यादीत दिसतो, काम घेतो, पण कागद हलत नाही. झाडलोट करताना वायरी निघाल्या की हे व्हायचंच. मी दोन्ही भोकांच्या शेजारी आणि केबलच्या टोकांना नेलपॉलिशचे ठिपके लावलेत, लाल बिल्टीचा, गुलाबी पावतीचा. कुणीही जोडलं तरी चुकत नाही.

दुसरी गोष्ट राउटरची. आपल्याच कॉम्प्युटरवरच्या शेअरला जोडायचं असलं तरी विंडोजला नेटवर्क चालू असावं लागतं. पावसात लाइट गेली, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर आणि प्रिंटर चालू, राउटर मात्र बंद, बिल्टी निघेना. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमधून 'ॲड लेगसी हार्डवेअर' करून मायक्रोसॉफ्टचा लूपबॅक अडॅप्टर बसवला. तो खरा काही नसतो, पण नेटवर्क आहे असं विंडोजला वाटत राहतं. आता राउटर असो नसो, एलपीटी१ जागेवर असतो. जिथं वीज वारंवार जाते तिथं हे पहिल्या दिवशीच करून टाकावं.

आणखी एक, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' आला आहे. तो आपणहून चालू होत नाही, पण सुरक्षेचं आहे म्हणून कुणी चालू केला तर असे जुने ड्रायव्हर चालत नाहीत. आमच्याकडे तो बंद आहे आणि बंदच राहणार.

आमचं बघून आसपासचे लोक विचारायला येतात. सूताच्या एका दुकानाचा प्रोग्रॅम थेट डॉसमधला आहे. तो चौसष्ट बिटच्या विंडोजवर उघडतच नाही, आणि विंडोज ११ चौसष्ट बिटमध्येच येतं. त्यांना आधी व्हीडॉससारखं, म्हणजे डॉसचे प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालवणारं, काहीतरी बसवावं लागलं, केबलचा विचार त्यानंतर. आणखी एकांच्या प्रोग्रॅमला प्रिंटर पोर्टात लावायचं कुलूप, म्हणजे डाँगल, होतं. ते या केबलवर चालणार नाही हे मी त्यांना घेण्याआधीच सांगितलं. ही केबल फक्त छापायचा मजकूर पुढे देते, ती खरा पोर्ट नाही. अशांनी कॉम्प्युटरच्या आत बसणारं पॅरलल पोर्टचं कार्ड बघावं, पण तेही प्रोग्रॅमवाल्याला विचारून, कारण कार्डाच्या पोर्टचा पत्ता जुन्या ३७८ या पत्त्याहून वेगळा असतो आणि काही प्रोग्रॅम तेवढाच पत्ता बघतात.

वजनकाट्यावरचे एक काका परवा आले होते. त्यांच्या काट्याचा प्रिंटर ९ पिनांवर चालतो, म्हणजे सिरियल. मी तिसऱ्या तऱ्हेची म्हणून वर लिहिली तीच केबल त्यांना हवी होती. ती लावल्यावर कॉम्प्युटरला कॉम७ असा नवा पोर्ट दिसला. त्यांचा प्रोग्रॅम कॉम१ शिवाय दुसरीकडे बघत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये नंबर बदलून कॉम१ केला, वेग प्रोग्रॅममध्ये होता तोच ९६०० ठेवला, आणि पुढच्या गाडीची काटापावती निघाली.